हिरवी मान

आमच्या अंगणवाडीत दोनच बाया. एक सेविका, ती करुणा. एक मदतनीस, ती मी, चतुराबाई. करुणा लेकरांना गाणी शिकवते, त्यांची वजनं घेते, गरवार बायांच्या घरी जाते आन् हे सगळं मोबाईलवर भरते. मी झाडते, पाणी आणते, खिचडी शिजवते आन् बोलते. बोलायचं मानधन सरकारनं अजून ठरवलं न्हाई.

आमचं गाव हिंगोलीकडच्या गोरेगावपासून जवळच हाय, जीपवाल्याच्या मनात असलं तर. वयानं मी करुणाच्या आईसारखी. ती मला मावशी म्हणते. मी तिला लोकांसमोर बाई म्हणते आन् एकटी असली की करुणा. ती बुद्धवाड्यातली सून. सेविका म्हणून लागली तवा गावातल्या दोन घरांनी लेकरं पाठवणं बंद केलं होतं. कारण कुणी सांगितलं न्हाई, सगळ्यांना म्हाईत होतं. करुणानं भांडण केलं न्हाई. तिनं काम असं केलं की बोट ठेवायला जागा ठेवली न्हाई. वर्षभरात ती दोन्ही घरं गुपचूप लेकरं पाठवायला लागली.

मी तिला एकदा म्हणलं, "एवढी काहून मरतीस गं? बाकीच्या बघ, कशा मजेत राहतात."

ती म्हणली, "मावशी, दुसरीचं चुकलं तर तिचं चुकलं म्हणतील. माझं चुकलं तर आमच्या सगळ्यांचं नाव निघंल."

मी चूल फुंकायला वाकले. 

आता अंगणवाडीत लाल रंग म्हणजे काय ते सांगते, न्हाईतर पुढचं कळायचं न्हाई. लेकराचं वजन घेतलं की मोबाईलात भरायचं. वजन बराबर असलं की हिरवा रंग येतो. जरा कमी असलं की पिवळा. लेकराच्या बरगड्या मोजता येत असल्या की लाल. आन् लाल आला की लेकराच्या आईला कुणी इचारत न्हाई, बापाला तर न्हाईच न्हाई. सेविकेला इचारतात. "ताई, तुमच्याकडं लाल काहून?" जणू तिनंच त्या लेकराच्या तोंडातला घास काढून खाल्ला. मीटिंगमधी उभं करतात, नोटीस देतात. म्हणून आमच्याकडं कुठलीही सेविका घ्या, तिला लाल दिसलं की ती जेवत न्हाई.

तांड्यावरच्या रामसिंगचा नातू मुन्ना असाच लाल होता. करुणा रोज दुपारी तांड्यावर जायची, पदराखाली अंडं आन् शेंगदाण्याचा लाडू घेऊन. समोर बसून खाऊ घालायची, कारण निघून आलं की लाडू दुसरंच कोणी खातं. रामसिंग म्हणायचा, "बाई, आमचं पोरगं हाय का तुमचं?" उन्हाळा गेला, पावसाळा गेला, आन् एके दिवशी मुन्नाचं वजन भरलं तर हिरवा रंग आला. करुणा मोबाईल छातीला धरून रडली. मीबी रडले, पण मी ते चुलीच्या धुरावर ढकललं.

तर अशी ही बाई. तिच्या हातून लाल सुटत न्हाई, हिरवं केल्याशिवाय.

मागच्या दोन-चार वर्षांत आमचं सगळं कामच मोबाईलात गेलं. लेकरू आलं, फोटो काढ. खिचडी वाढली, फोटो काढ. गरवार बाईला आहाराची पिशवी द्यायची तर आधी तिचं तोंड मोबाईलला दाखवायचं, मोबाईलनं ओळखलं तरच पिशवी. मी म्हणलं, मी हिला हिच्या बारशापासून ओळखते, त्याचं काही न्हाई? त्याचं काही न्हाई. रेंज गेली की भरलेलं पुसून जातं आन् तेच पुन्हा भरायचं. करुणा सकाळी मान खाली घालायची ती जेवायलाच वर बघायची, आन् जेवतानाबी एक डोळा तिकडंच.

आधी तिची मान दुखायला लागली. तेल लावलं, मिठाच्या पुरचुंडीनं शेकलं. मंग खांदा धरला. मंग उजव्या हाताच्या बोटांत मुंग्या आल्या, त्या जाईनात. फळ्यावर लिहिता लिहिता खडू पडायला लागला. एकदा हातातली पळी सुटून सरळ वरणात गेली. लेकरं हसली, तीबी हसली. मी हसले न्हाई. तिचा नवरा भीमराज गोरेगाव-हिंगोली जीप चालवतो. त्यानं एके दिवशी पाशिंजर सोडून हिलाच पुढच्या सीटवर बसवलं आन् हिंगोलीच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणले, मानेतली नस दबून राहिली. मोबाईलचं काम निदान सहा महिने बंद करा. न्हाईतर हातातली ताकद जाईल, आन् गेलेली परत येईलच असं मला सांगता येणार न्हाई.

त्या हातानं ती लिहिते, लेकरं उचलते, भाकरी थापते. हात गेला तर नोकरी गेली. 

करुणा डॉक्टरचा कागद घेऊन सुपरवायझर मॅडमकडं गेली. मॅडम वाईट बाई न्हाई. पण तिच्या डोक्यावर साहेब, साहेबाच्या डोक्यावर आणखी कोणी. ती म्हणली, "करुणाताई, मान कुणाची दुखत न्हाई? माझी न्हाई का दुखत? तुमचा कागद मी पुढं पाठवला तर उद्या सगळ्याच कागद आणतील." झालं. करुणा कागद पर्समधी घालून परत आली आन् मोबाईल हातात घेतला.

तेवढ्यात देवानं धाडल्यासारखी ती पोरं आली. बाहेरच्या एका फिजिओथेरपी कॉलेजची. फिजिओथेरपी म्हणजे गोळी न देता हातपाय हलवून बरं करायची विद्या, असं त्यांच्यातल्या प्रतिक्षा नावाच्या पोरीनं मला समजावलं. पोरगी गोड होती, सरळ बोलणारी. त्यांनी तालुक्यातल्या सेविकांना बोलावलं आन् प्रत्येकीच्या मानेमागं, झंपरच्या वर, बटणाएवढं एक सेन्सर चिकटवलं. मान वाकली की ते मोजतं. लई वेळ वाकलेली राहिली की घर्र करून हलतं. आन् ज्याची त्याला, वर मॅडमलाबी, खबर मोबाईलात जाते. तिथं एक बाहुली दिसते. मान सरळ राहिली तर बाहुली हिरवी, वाकली तर लाल.

मी म्हणलं, "आमच्या काळात सुनेनं मान वर केली की सासू बोलायची. आता मान खाली घातली की मशीन बोलतंय. सुनांनी मान ठेवावी तरी कुठं?"

सगळ्या बाया हसल्या. प्रतिक्षाबी हसली. मंग ती म्हणाली, "ताई, एक लक्षात ठेवा. पंधरा दिवस हे काढायचं नाही आणि रोजच्यासारखंच वागायचं. काही बदलू नका. तुम्हाला खरंच किती त्रास होतो ते आम्हाला बघायचंय." साहेबांनी सांगितलं की ज्यांच्या मानेवर सगळ्यात जास्त ताण निघंल त्यांची यादी होईल. त्यांना सहा महिने मोबाईलच्या कामातून मोकळीक. त्यांची माहिती तालुक्याचा माणूस भरंल.

मी करुणाला कोपर मारलं. आता कागद नको, डॉक्टर नको, हे बटणच साक्ष देणार. येताना जीपमधी ती खिडकीशी बसली होती आन् किती दिवसांनी गाणं गुणगुणत होती.

पहिल्या दिवशी संध्याकाळी तिनं मोबाईल उघडला. बाहुली लाल, डोक्यापासून कमरेपर्यंत.

"वा!" मी म्हणलं. "झकास झालं. असंच चालू दे."

ती त्या बाहुलीकडं बघत राहिली. तेवढ्यात गटावर मेसेज आला. आमच्या सुपरवायझर मॅडमचा व्हॉट्सअ‍ॅप गट हाय, त्यावर सगळ्या सेविका. मॅडमनं सगळ्यांच्या बाहुल्यांचे फोटो टाकले होते. हिरव्यांना गुलाबाची फुलं. आन् खाली लिहिलेलं, "लाल असलेल्या ताईंनी लक्ष द्यावे व सुधारणा करावी." आता ह्या बाईला काय म्हणावं? कालच ती साहेबाशेजारी बसून ऐकत होती की जे हाय ते दिसू द्या. पण तिचीबी सवय. बोटंच तशी वळलेली. रंग दिसला की तिचा हात आपोआप तेच लिहितो.

करुणा म्हणली, "मावशी, आजवर लेकरू लाल यायचं, आज माझंच नाव लालमधी आलं. नोकरी लागल्यापासून पहिल्यांदा."

"अगं येडे, लाल आलं तरच सुटका हाय. ऐकलं न्हाई का तू?"

"ऐकलं."

"मंग?"

"मला कळतंय, मावशी. सगळं कळतंय. पण ते लाल दिसलं की जीव घाबरा होतोय बघ."

दुसऱ्या दिवशी ती ताठ बसली. मोबाईल डोळ्यासमोर, हात हवेत. बटण एकदाबी हललं न्हाई. मी म्हणलं, एक दिवसाचं येड असंल, जाईल. तिसऱ्या दिवशी तिनं काय केलं म्हणता? लेकरांचं वजन करायचा काटा आमच्या आढ्याला टांगलेला असतो, खाली झोळी अडकवून लेकरू बसवायचं. तिनं ती झोळी वर गुंडाळून बांधली आन् तिच्यात मोबाईल अडकवला, बराबर डोळ्याच्या रेषेत. आन् ही उभी राहून, उजवा हात वर करून, एकेक बोटानं माहिती भरायला लागली. लेकरं टाळ्या वाजवून ओरडली, "बाई मोबाईलचं वजन करून राहिल्या!" मी म्हणलं, "किती भरलं बाई? लाल का हिरवा?" तिला हसू आलं, पण हात खाली आला न्हाई.

त्या संध्याकाळी बाहुली हिरवी. गटावर मॅडमची फुलं.

मंग ती थांबलीच न्हाई. मुन्नाला जसं हिरवं केलं तसं तिनं स्वतःच्या मानेला हिरवं करायला घेतलं. तांदूळ निवडायला वाकायची न्हाई, ते माझ्याकडं. लेकराची नाडी बांधायला वाकायची न्हाई, गुडघ्यावर बसायची. गरवार बाईच्या घरी गेली की मोबाईल डोक्याच्या वर धरून तोंडाचे फोटो काढायची, त्या बाया म्हणायच्या, बाईला काय झालं, आकाशाला काय दाखवून राहिल्या? मान सरळ राहिली खरी. पण मानेचा सगळा भार हातावर आला. तास तास वर धरलेला हात. डॉक्टरनं ज्या हाताला जपायला सांगितलं तोच. दुपारी ती तो हात डाव्या हातानं उचलून मांडीवर ठेवायची, एखादं झोपलेलं लेकरू ठेवावं तसा.

मी भांडले. मी काय गप बसणारी हाय? "अगं, तुझ्या डोक्यात उजेड पडंल का न्हाई? ते बटण तुला पास-नापास करायला न्हाई लावलेलं. ती पोरगी काय म्हणली होती? रोजच्यासारखं राहा म्हणली होती."

"रोज मी अशीच राहते, मावशी. समोर लाल असलं की हिरवं करते."

"आन् हात?"

"पंधरा दिवसांचा तर प्रश्न हाय."

"पंधरा दिवसांनी मोकळीक न्हाई मिळाली तर?"

त्यावर ती काय म्हणली असंल? म्हणली, "आधी एवढं हिरवं राहू दे, मंग बघू." मी कपाळावर हात मारला. भीमराजला सांगितलं. तो म्हणला, "चतुराकाकू, मी सांगून थकलो. काल म्हणलं, काढून खुंटीला लटकव ते. तर माझ्यावरच चिडली, म्हणली मी खोटं काम करत न्हाई." खोटं करत न्हाई म्हणे! मी त्या दिवशी तिच्याशी बोललेच न्हाई. खिचडीत मीठबी जास्त पडलं.

पंधरा दिवस सरले. बटणं गोळा झाली. आन् तालुक्याच्या हॉलमधी मीटिंग लागली, निकालाची. मी करुणासंगं गेले. तिला एकटीला पाठवायला माझं मन घेईना.

हॉल भरलेला. पुढं साहेब, मॅडम, कॉलेजचे सर, कडंला प्रतिक्षा मशीनपाशी उभी. भिंतीवर मोठ्या पडद्यावर सगळ्या सेविकांची नावं आन् नावासमोर रंग. लालवाल्या मोजक्याच. त्यात तालुक्याच्या दुसऱ्या टोकाची पंचफुला. ती दुपारभर मोबाईलवर मालिका बघती हे सगळ्या तालुक्याला ठाऊक, तिच्या मानेवर लई ताण निघाला म्हणे. तिला सहा महिने मोकळीक. पंचफुला स्वतःच लाजून पदर तोंडाला लावून हसली. मला तिचा राग आला न्हाई. ती जशी होती तशी राहिली, एवढंच तर सांगितलं होतं.

मंग साहेब उभे राहिले. "सगळ्यांत एकच ताई अशी आहे," ते म्हणाले, "की पहिला दिवस सोडला तर जिची मान एकदाही लाल झाली नाही. मान असावी तर अशी. करुणाताई, पुढे या."

टाळ्या. करुणा उठली. ती जाताना माझ्याकडं बघून हसली, आन् खोटं कशाला बोलू, क्षणभर मलाबी अभिमानच वाटला. येडी हाय मी. मॅडमनं तिला शाल घातली, नारळ दिला. तिनं नारळ डाव्या हातात घेतला. फोटोवाला म्हणला, "ताई, उजवा हात." तिनं उजवा हात वरून नुसता टेकवला.

साहेब पुढं बोलले. "अशा सक्षम सेविकेवर आपण जबाबदारी टाकली पाहिजे. शेजारच्या गावची सेविका निवृत्त झाली आहे. तिथला अतिरिक्त पदभार आजपासून करुणाताईंकडे. दोन्ही गावांची नोंदणी त्याच करतील." आन् पुन्हा टाळ्या. मॅडमनं दुसऱ्या अंगणवाडीचा मोबाईल तिच्यापुढं धरला, नवा कोरा कव्हर घातलेला.

माझ्या तोंडातून मोठ्यानं "अरे देवा" निघालं. पुढच्या दोन बाया वळून बघायला लागल्या.

"दोन शब्द बोला," मॅडम म्हणली. "एवढी चांगली मान कशी ठेवली ते बाकीच्या ताईंना सांगा."

करुणानं माईककडं बघितलं, मंग त्या मोबाईलकडं. घेतला न्हाई तिनं. नारळ टेबलावर ठेवला.

"मी मान ठेवली न्हाई," ती म्हणली. "मी मोबाईल काट्याला टांगला होता. वजनाच्या. आन् हात वर धरून काम केलं."

हॉलमधी हसू पिकलं. मागून कोणीतरी म्हणलं, "मी तर रोज दुपारी सासूला चिकटवायचे, ती भिंतीला टेकूनच बसती!" दुसरी म्हणली, "मी खुंटीला." आता तर फिस्सकन सगळा हॉल. ज्या हिरव्यांना गटावर फुलं मिळाली होती त्यातल्या निम्म्या खाली बघायला लागल्या.

साहेब हसले न्हाईत. "म्हणजे खोटी माहिती दिली तुम्ही?"

"न्हाई सर. मशीन खोटं न्हाई बोललं. मान सरळच होती. मी सगळं हातावर घेतलं." तिचा आवाज बारीक झाला होता, पण थांबली न्हाई. "मला डॉक्टरनं सांगितलं होतं, मोबाईल बंद कर. मला ती मोकळीक पाहिजे होती. लाल राहिले असते तर मिळाली असती. पण मला लाल राहता आलं न्हाई सर. मला सवयच न्हाई."

मला त्या वेळी वाटलं, उठावं आन् तिला घरी घेऊन जावं. 

मॅडम पुटपुटली, "आधी सांगायचं ना ताई." कागद घेऊन तुमच्याकडं कोण आलं होतं बाई? मी हे मनातच म्हणलं. साहेबांनी पडद्याकडं हात केला. "आता मी काय करू? यादी वर गेली. रेकॉर्डला तुमची मान हिरवी आहे. पूर्ण हिरवी. उद्या कोणी विचारलं की हिरव्या मानेला मोकळीक का दिली, तर मी काय दाखवू?"

  कॉलेजचे सर कागद वरखाली करायला लागले.

तवा प्रतिक्षा मशीन सोडून पुढं आली. इतक्या दिवसांत बटण लावलं, बटण काढलं, बटणातलं वाचलं, पण बाईला हात लावून कोणी बघितलं नव्हतं. त्या पोरीनं करुणाचा उजवा हात आपल्या हातात घेतला आन् तिच्या पंज्यात स्वतःची दोन बोटं ठेवली.

"ताई, माझी बोटं दाबा. जितकं जोरात जमेल तितकं."

करुणानं ओठ आवळले. तिच्या गळ्याची शीर वर आली. मला माझ्या जागेवरून दिसत होती.

"दाबा ना ताई," प्रतिक्षा म्हणाली. "भिऊ नका, मला काही लागत नाही."

करुणानं तिच्या तोंडाकडं बघितलं.

"दाबून राहिले की गं," ती म्हणली.